तीनशे बारा सामने, नऊ गोल

१७ नोव्हेंबर २००५, गुरुवार

तिसरं बेअरिंग! मी सांगितलं तिसरं, आणि निघालं पण तिसरंच.

रांजणगावच्या कंपनीत रेलिंग बसवायला गेलो होतो. मोठी प्रेस तीन दिवस खरखरतेय. भोवती सगळे इंजिनिअर, मधे एक गोरा माणूस – मशीनबरोबर स्पेनहून आलेला, नकाशे पसरून बसलेला. दौंडच्या मेहमूदचा थोरला, राहिल, तिथं सुपरवायझर आहे. म्हणाला, "चाचा, तुमी एकदा कान लावून बघा." मी स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवलं, मूठ कानाला. चालू करायला लावली. दोन मिनिटं ऐकलं. म्हटलं, पहिली दोन गातायत, तिसरं रडतंय.

राहिलनं इंग्रजीत सांगितलं. पोरं हसली. गोरा हसला नाही. खोलायला लावलं – आतल्या कड्याला हे एवढाले चट्टे!

जाताना त्यानं हात मिळवला. नाव अंदोनी. आडनाव चार वेळा विचारलं, चारही वेळा वेगळं ऐकू आलं. एवढा कानाचा तिखट मी, पण तिथं हात टेकले.

२० नोव्हेंबर, रविवार

दौंड. आमचा रविवारचा फुटबॉल. हरलो, ४–१. मेहमूद म्हणतो ऊन फार होतं. ऊन काय त्यांना नव्हतं?

२६ नोव्हेंबर, शनिवार

अंदोनी वर्कशॉपला आला, राहिलच्या गाडीवर मागं बसून. त्याला हत्यारांसाठी स्टँड करून पाहिजे. मी मापं लिहून घेत होतो. मागच्या शटरवर गौतमी बॉल मारत होती – धाड, धाड. तिला किती वेळा सांगितलं, गिऱ्हाईक असताना नको. ऐकेल तर माझी मुलगी कसली!

एक गंमत टिपली. अंदोनीची पाठ तिच्याकडं होती. पण प्रत्येक वेळी, बॉल शटरवर बसायच्या जरा आधी त्याची मान हलायची. आवाजानंतर नाही. आधी!

मग बॉल उसळून थेट त्याच्या पायाशी आला. कुणीही असता तरी लाथ मारली असती. आमचा ऐंशीचा चुलता मारतो. हा माणूस खाली वाकला, दोन्ही हातांनी उचलला – चुलीवरचं भांडं उतरवावं तसा – आणि नेऊन गौतमीच्या हातात दिला. एवढंच म्हणाला, बॉल यायच्या आधी बघ, आल्यावर नाही. आणि स्वतःच्या मानेवर बोट मारून दाखवलं.

राहिलला बाजूला घेतला. "चाचा, हा खेळलेलाय. पगारी खेळाडू होता तिकडं."

"मग लाथ का नाही मारली?"

"गुडघा गेला म्हणतो. सहा वर्षं झाली, बॉलला पाय न्हाई लावला."

तेव्हापासून डोक्यात तेच. २६ फेब्रुवारीला पुण्यात मुलींच्या जिल्हा संघाची निवड आहे. गौतमीला मधल्या फळीत खेळायचंय. सहावीपासून तेवढं एकच धरून बसलीय. आणि तिला शिकवणारे कोण? मी आणि मेहमूद! आम्हाला लाथेचा जोर माहीत, बाकी सगळा आनंद. आणि स्पेनचा खेळाडू आपण होऊन दारात उभा. याला सोडायचा नाही.

४ डिसेंबर, रविवार

नेला त्याला दौंडला. पिकअपमधे पुढं तो आणि राहिल, मागं गौतमी. न्हावऱ्यावरून चौफुला येईपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरांमागं रांगत गेलो. तो प्रत्येक ट्रॉलीकडं बघून मान डोलवायचा.

रेल्वेच्या मैदानावर आमची रविवारची टीम – दोन गार्ड, एक मास्तर, टेम्पोवाले, कॉलेजची पोरं. मी लहानपणी याच मैदानाच्या कडेला बसून रेल्वेतल्या साहेबांचे सामने बघायचो. वडील गँगमन. आत जायची सोय नव्हती, बॉल बाहेर आला तर आणून द्यायचा एवढाच आमचा खेळ. आता मैदानाची जाळी मीच वेल्डिंग करून दिलीय.

अंदोनी लिंबाखाली हाताची घडी घालून उभा. मेहमूद म्हणाला, "स्पेनवाले, या की आत!" त्यानं गुडघ्यावर हात ठेवून मान हलवली.

येताना मी विचारत गेलो, राहिल सांगत गेला. समुद्राकाठचं गाव. ओहोटी लागली की पाणी मागं सरतं, वाळू कडक होते, तेवढ्या वेळात सामना उरकायचा. भरती आली की मैदान गायब! शाळेच्या भिंतीवर भरती-ओहोटीचं वेळापत्रक लावलेलं असायचं, पोरं अभ्यासापेक्षा ते पाठ करायची. सतराव्या वर्षी गावच्या क्लबात. चौदा वर्षं तिथंच. मोठ्या शहरातून एकदा बोलावणं आलं होतं, गेला नाही.

"का नाही गेला?" मी.

राहिलनं विचारलं.  अंदोनी म्हणाला, माझ्या गावात मला ओहोटी कधी लागते ते माहीत होतं.

११ डिसेंबर, रविवार

आज मधल्या खेळाडूचं काम समजलं. मला वाटायचं, मधला म्हणजे ना धड पुढचा ना मागचा. अंदोनी म्हणतो, पुढच्याला पाय लागतो, गोलकीपरला हात, मधल्याला मान. सारखं बघायचं – कोण कुठं उभं आहे, कोण कुठं जाणार आहे. बॉल येतो तेव्हा तुझं काम निम्मं झालेलं पाहिजे.

अहो, हे तर मशीन उघडायच्या आधी ऐकणं! मी वीस वर्षं हेच करतोय.

किती सामने? तीनशे बारा. गोल किती? नऊ. मला वाटलं राहिलनं चुकीचं सांगितलं. परत विचारायला लावलं. नऊच. आणि नऊच्या नऊ पाठ! कोणत्या गावात, कोणत्या पायानं. एक तर नडगीला लागून गेला, तोही मोजलाय.

तो खेळत होता तोवर क्लब कायम दुसऱ्या डिव्हिजनमधे. वर कधी गेला नाही.

१६ डिसेंबर, शुक्रवार

स्टँड पोचवायला कंपनीत. अंदोनी लोखंडी जिन्यानं खाली उतरला. वीस पायऱ्या. मी खाली उभा, सहज ऐकत होतो.

दोन्ही पायांचा आवाज सारखा. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस असा उतरत नाही.

कुणाला बोललो नाही. इथं लिहून ठेवतो.

१ जानेवारी २००६, रविवार

सकाळी पेरण्याच्या विजयस्तंभाला जाऊन आलो, बायको माया आणि गौतमी बरोबर. गर्दी मोप. साहेबराव भेटले – माजी सरपंच. त्यांना कुणीतरी सांगितलंय, आपल्या शिक्रापुरात परदेशी खेळाडू राहतो. "चांगदेव, असा माणूस गावात, आन् आपन सत्कार न्हाई केला? २६ जानेवारी धरा."

मला कल्पना पटली. मान दिला की माणूस मोकळा होतो. मग गौतमीला मैदानात उतरून शिकवील.

१९ जानेवारी, गुरुवार

फ्लेक्सचा मजकूर माझ्या गळ्यात. लिहायला बसलो – 'स्पेनमधील दुसऱ्या डिव्हिजनचे खेळाडू.' वाचून बघितलं. दुसरं डिव्हिजन म्हणजे लोकांना वाटणार सेकंड क्लासमधे पास झालेला. खोडलं. साहेबराव फोनवर, "जरा वजन येऊ द्या, चांगदेव!" मग लिहिलं – 'विश्वचषक गाजवलेले, स्पेनचे जगप्रसिद्ध फुटबॉलपटू मा. अंदोनीराव.'

मायानं वाचलं. "खोटं लिवताय?"

"सत्काराचं असंच असतं."

"तो वाचील तवा?"

"त्याला मराठी कुठं येतंय!"

काही न बोलता कणीक मळायला गेली. ती गप्प बसली की मला जास्त ऐकू येतं. पण मजकूर तसाच दिला.

२६ जानेवारी, गुरुवार

झकास! चौकात मांडव. अंदोनीला फेटा, शाल, श्रीफळ. साहेबरावांनी भाषणात त्याच्या हातात वर्ल्ड कपच दिला – "ज्या हातांनी जगाचा चषक उचलला, ते हात आज शिक्रापूरच्या मातीला लागले!" टाळ्या. अंदोनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत होता, कान लाल झाले होते. शाळेतली पोरं सही घ्यायला रांगेत. प्रत्येकाला नाव विचारून सही दिली. फ्लेक्सपुढं उभं राहून स्वतःहून फोटो काढून घेतला. राहिलची ड्यूटी होती, म्हणून आम्ही खुणांवर भागवलं.

एवढा खूश मी त्याला बघितला नव्हता.

२९ जानेवारी, रविवार

अंदोनी आला नाही. काम असेल.

५ फेब्रुवारी, रविवार

आजही नाही. राहिलला धरला. आधी टाळत होता, मग बोलला.

"चाचा, फोटो त्याला गावी पाठवायचा होता. आईला. मला म्हणाला, काय लिहिलंय ते वाचून दाखव, खाली भाषांतर लिहून पाठवतो."

"मग?"

"मी वाचलं."

"अरे, काहीतरी दुसरं सांगायचंस!"

"तुमीच लिवलंय ना चाचा. मी काय सांगनार?"

अंदोनीनं काय केलं? फोटो खिशात घातला आणि मशीनवर गेला.

माया म्हणाली नाही की मी सांगितलं होतं. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

७ फेब्रुवारी, मंगळवार

त्याच्या खोलीवर गेलो. राहिल बरोबर. टेबलावर तोच फोटो उलटा ठेवलेला. मी सरळ सांगितलं – चूक माझी. साहेबरावांची नाही, गावाची नाही. मजकूर मी लिहिला. मला वाटलं, मोठं लिहिलं की मान मोठा.

तो म्हणाला, माझ्या गावात हा फोटो कुणी बघितला तर त्यांना वाटेल, मी इथं येऊन हे सांगत फिरतोय. मी. शेवटचा सामना घालवणारा.

मग सगळं सांगितलं. राहिल भाषांतर करता करता अडखळत होता.

शेवटच्या सामन्यात दुसऱ्या डिव्हिजनमधे टिकायला नुसती बरोबरी पुरे होती. दोन मिनिटं राहिलेली. बॉल याच्याकडं आला, मैदानाच्या मधोमध. मागून माणूस येतोय हे याला दिसलं नाही. तीनशे बारा सामने मान फिरवली, आणि त्या एका वेळी नाही फिरवली. बॉल गेला, गोल झाला. क्लब तिसऱ्या डिव्हिजनमधे. अजून वर आलेला नाही.

"लोकांनी लई शिव्या दिल्या असतील," मी म्हटलं.

"कुणी काहीच बोललं न्हाई," राहिल म्हणाला. "पाववाला रोजच्यासारखा पाव द्यायचा. फक्त वर बघायचा न्हाई. एकानं जरी तोंडावर शिवी दिली असती तर खेळत राहिलो असतो, असं म्हनतोय."

त्यानंतर त्यानं मशीनचं काम शिकून घेतलं. बत्तीस वर्षांचा माणूस, अठरा वर्षांच्या पोरांच्या शेजारी वर्गात बसून.

मी गुडघ्याचं बोललो नाही. आजचा दिवस माझ्या चुकीचा होता.

९ फेब्रुवारी, गुरुवार

फ्लेक्स उतरवला. त्याच चौकटीवर पत्रा ठोकला, चार बाय तीन. ऑइलपेंट, निळ्यावर पांढरं. अक्षर माझंच, वळण जरा पळतं आहे.

'अंदोनी. मधला खेळाडू. चौदा वर्षे, एकच क्लब. ३१२ सामने, ९ गोल. सध्या मुक्काम शिक्रापूर.'

साहेबराव गाडी थांबवून उतरले. "चांगदेव, येड लागलं का? नऊ गोल? आमचा पुतन्या शाळेत एका वर्साला नऊ मारतो!"

"मारू द्या की. तीनशे बारा सामने खेळतोय का बघू."

एका ट्रकवाल्यानं विचारलं, हा माणूस कोणत्या पार्टीकडून उभा आहे!

१२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहाला पिकअप काढली तर पाटीखाली अंदोनी उभा. त्याला आकडे तेवढे वाचता येतात. ३१२ वर बोट ठेवलं, ९ वर ठेवलं, माझ्याकडं बघितलं. मग नडगीवर थाप मारून हसायला लागला – तो नडगीचा पण धरला का, विचारत होता. धरला म्हटलं!

पुढं येऊन बसला. दौंडला जाईपर्यंत राहिलच्या फोनवर पाटीचा फोटो चार वेळा बघितला. हा पाठवतो म्हणाला.

१८ फेब्रुवारी, शनिवार

रोज संध्याकाळी पाच ते साडेसहा, वर्कशॉपच्या मागच्या पडीक जागेवर. बॉलला पाय लावत नाही, तोंडानं आणि हातानं शिकवतो. मागं उभा राहून बोटं वर करतो, बॉल यायच्या आधी गौतमीनं मान वळवून आकडा सांगायचा. तीन! पाच! दोन! गेल्या शनिवारपर्यंत तिला फक्त बॉल दिसायचा. आज दहापैकी नऊ बरोबर. शेजारची अनसाबाई मायाला विचारत होती, "पोरगी पाढं म्हनतिया का काय?"

अंदोनी मराठीतला एक शब्द शिकलाय – "बघ." दिवसभर तोच.

२६ फेब्रुवारी, रविवार

पुण्याहून आत्ता आलो. पटकन लिहून टाकतो.

पहिली वीस मिनिटं – काय खेळली! बॉल यायच्या आधी मान, आणि आला की गेलाच, बरोबर माणसाकडं. निवडणारे दोघं वहीत काहीतरी लिहीत होते. मग एकदा नाही वळली. मागून उंच पोरगी आली, पायातून बॉल काढून घेऊन गेली. गोल.

ते काही नाही. होतं. पण त्यानंतर गौतमी उभी राहिली. पंचवीस मिनिटं तशीच. बॉल जवळून गेला तरी पाय उचलेना. मी ओरडलो, मेहमूद ओरडला. अंदोनी जाळी धरून उभा होता, तोंडातल्या तोंडात त्याच्या भाषेत एकच शब्द म्हणत होता. मोठ्यानं नाही म्हणाला.



२ मार्च, गुरुवार

यादी लागली. अठरा नावं. आपलं नाही.

गौतमी म्हणाली, "पप्पा, बूट कुणाला तरी देऊन टाका. मी आता बारावीचं बघते." आवाज एकदम शांत. रडली असती तर मी समजूत काढली असती.

मायाला हेच पाहिजे होतं ना – अभ्यास. तिलाही आनंद नाही. जेवताना दोनदा म्हणाली, "पोरगी जिना उतरताना उड्या मारीत न्हाई आता."

५ मार्च, रविवार

गौतमी आली नाही. दौंडला एकटाच. हरलो.

११ मार्च, शनिवार

अंदोनीला घरी जेवायला बोलावलं. गौतमी पाया पडल्यासारखं करून आत गेली, पुस्तक घेऊन बसली. तो तिच्या दाराकडं बघत राहिला. राहिलला म्हणाला, तिला सांग, एक चूक म्हणजे काही नसतं.

मी म्हटलं, "हे तुमी सांगनार?"

राहिलनं माझ्याकडं बघितलं. "चाचा, हे भाषांतर करू?"

"कर. आणि पुढचं पण कर. सांग त्याला, तुझा गुडघा चांगला आहे. डिसेंबरात जिन्यावर ऐकलंय मी. दोन्ही पाय सारखे वाजतात. गौतमीला पण तेच शिकवू का? गुडघा गेला म्हण, म्हणजे कुणी काही विचारत नाही?"

राहिलनं हळू आवाजात सगळं सांगितलं.  अंदोनीनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. मग उठला, मायाला हात जोडले आणि गेला. राहिल मागोमाग पळाला.

माया म्हणाली, "जेवून तरी जाऊ द्यायचं होतं."

फार बोललो का? बोललो. पण बेअरिंग रडतंय हे कळल्यावर गप्प कसं बसायचं?

१२ मार्च, रविवार

अंदोनी नाही. गौतमी नाही. मीही गेलो नाही.

१७ मार्च, शुक्रवार

राहिलचा फोन. "चाचा, तो शिरूरच्या बाजारात गेला होता. बेचाळीस नंबरचे फुटबॉलचे बूट विचारत होता." एवढंच सांगून ठेवला. मी कुणाला काही बोललो नाही. मायानं मात्र ऐकलं. तिचे कान माझ्यापेक्षा बरे आहेत, हे कधी मान्य केलं नव्हतं.

१९ मार्च, रविवार

दौंड. अंदोनी खेळला! पहिलाच पास समोरच्याच्या पायात, आणि गोल. मेहमूद पार तिकडून, "अरे भाड्या, डोळं फुटलं का!" अंदोनी थांबला, त्याच्याकडं बघितलं, हसला, आणि पळत मधल्या वर्तुळात. पुन्हा बॉल मागितला. पुन्हा घालवला. पुन्हा मागितला. गौतमीला मायानं बळंच आणलं होतं – "बघायला तर चल." ती जाळीला टेकून उभी. पुटपुटत होती, मागं बघ, मागं बघ. तिसऱ्यांदा बॉल गेला तशी चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि ओरडली, "अंकल, बाहेर या तुम्ही! मी येते!"